राजकारणानं डोकं फिरतं आणि स्वतःत काही बदल होत नाही, अशा पोरांसाठी थोडं सविस्तर

प्रश्न विचारणारा मुलगा २७ वर्षांचा आहे, आमच्या नाशिकमध्ये सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दिवसभर मोबाईलवर राजकारणाच्या बातम्या आणि व्हिडीओ बघून डोकं फिरतं, फॅमिली ग्रुपवर काकांशी कडाक्याचं भांडण झालंय, स्वतःला सुधारायचं म्हणून पहाटे पाचला उठणं, डायरी, पुस्तकं सगळं करून बघितलं पण ११ दिवसांच्या पुढं काहीच टिकलं नाही, आणि आता वाटतं की ह्या सगळ्याला अर्थ काय. मला विचारलं कारण गेली २६ वर्षं मी आमच्या भागात नागरिक समितीचं काम करतेय आणि दर रविवारी सकाळी लोकांना अर्ज लिहून देते.

बाळा, तुझा मेसेज मी तीनदा वाचला. कुठल्या नेत्यानं काय म्हटलं, कुणी पक्ष सोडला, कोण कुणाला विकला गेला ह्यावर तू भरभरून लिहिलंयस, आणि मधेच एक ओळ सहज टाकून दिलीयस की बहीण क्लासवरून येते तेव्हा गल्लीतला दिवा बंद असतो म्हणून ती घरी येईपर्यंत तुझ्याशी फोन चालू ठेवते. त्या ओळीकडे मी शेवटी येणार आहे, तेवढं लक्षात ठेव.

आधी रागाचं बोलू. तुला राग येतो ह्यात काही चूक नाही, ज्याला येत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. पण ह्या रागाला जायला कुठं वाटच नाहीये. दुपारी लंच टाइमात व्हिडीओ बघितला, रक्त तापलं, खाली कमेंट टाकली, समोरच्यानं उलटं लिहिलं, परत तापलं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आईनं भाजीत मीठ जास्त टाकलं म्हणून तिच्यावर ओरडलास, असं होतं की नाही बघ. राग निघाला दिल्लीसाठी आणि उतरला आईवर. माझ्या घरात हे झालंय म्हणून सांगते.

२०१९ च्या निवडणुकीत मी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो फॉरवर्ड केला. माझ्या दिरांनी अर्ध्या तासात दाखवून दिलं की फोटो जुना आहे आणि आपल्या राज्यातला पण नाही. तेव्हा गप चूक मान्य करायची, तर मी लिहिलं, फोटो जाऊ दे, बाकीचं तर खरं आहे ना. तिथून ते चिघळलं, माझे मिस्टर मधे पडले, मग दोघा भावांनी एकमेकांचं वीस वर्षांपूर्वीचं काढलं आणि बोलणं बंद झालं. दोन महिने. जुलैत सासूबाई गेल्या. अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो, गुरुजी म्हणाले दोघांनी मडक्याला हात लावा. गुडघाभर पाण्यात दोघं उभे, एकमेकांकडे बघत नाहीत, आणि पायरीवरच्या शेवाळावरून दिरांचा पाय सटकला. मिस्टरांनी मडकं एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं त्यांचं कोपर धरलं आणि म्हणाले, "सावकाश रे." दोन महिन्यांतला तो पहिला शब्द. दोघं आजही वेगवेगळ्या पक्षाला मत देतात आणि त्यावरून अजूनही वाद घालतात, तो भाग बदलला नाही आणि बदलायची गरज पण नाही. पण घरी आल्यावर मी ग्रुपवर लिहिलं की तो फोटो खोटा होता आणि मी न तपासता टाकला. ते एवढंसं वाक्य टाईप करायला मला पाऊण तास लागला. तुझ्या काकांच्या बाबतीत पण आधी हेच बघ, की जे तू बोललास त्यातलं तुझं काय चुकीचं होतं, आणि तेवढ्यापुरतं फोन करून सांग, मत बदलू नकोस.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे एक शब्द आहे पाठपुरावा. सरकारी पत्रात रोज येतो म्हणून गुळगुळीत झालाय, पण माझं अख्खं आयुष्य त्या शब्दावर उभं आहे आणि तुझ्या दोन्ही प्रश्नांना, राजकारणाच्या पण आणि स्वतःला सुधारायच्या पण, माझं उत्तर तेच आहे. एक काम धरायचं आणि ते तडीला जाईपर्यंत सोडायचं नाही. ऐकायला साधं वाटतं. करून बघ.

२००९ च्या उन्हाळ्यातलं सांगते. आमच्या गल्लीत शेवटच्या नऊ घरांना पाणीच चढत नव्हतं. आम्ही बायकांनी हंडे घेऊन मोर्चा काढला, घोषणा दिल्या, पेपरात फोटो आला, साहेब "बघतो" म्हणाले आणि पाणी होतं तसंच. सगळ्या चिडून घरी बसल्या. मी काय केलं, मुलीची जुनी आलेखाची वही घेतली आणि रोज सकाळी सव्वापाचला उठून, पाणी आलं की १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून लिहायला लागले, कोपऱ्यावरच्या घरात, मग चौथ्या घरात, पाचव्यात, आणि आमच्याकडे. २१ दिवस. कोपऱ्यावर एका मिनिटात भरायची, आमच्याकडे सात मिनिटं. वही घेऊन गेले तेव्हा तोच इंजिनिअर, जो मोर्चात आमच्याकडे बघत पण नव्हता, त्यानं पेन खाली ठेवलं, पानं उलटली आणि विचारलं, "ताई, चौथ्या घरानंतर एकदम कमी होतंय का?" हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी व्हॉल्वमन आला, रिटायरमेंटला आलेला माणूस, त्यानं पहार घेतली आणि रस्त्यावर ठोकत ठोकत चालला. एका जागी आवाज वेगळा आला. खणलं तर डांबराच्या दोन थरांखाली चेंबर, आत व्हॉल्व, अर्धा बंद. रस्ता करताना कुणीतरी त्यावर डांबर ओतून मोकळं झालं होतं आणि तिथं व्हॉल्व आहे हे सगळे विसरले होते. चावी लावून त्यानं तो फिरवला तेव्हा पाइपात जो आवाज झाला ना, तो मला अजून ऐकू येतो.

आता बघ, पहाटे उठायचं मी त्याआधी दहा वेळा ठरवलं असेल. योगासनांसाठी, चालायला जायचं म्हणून, पोथी वाचायची म्हणून. कधी जमलं नाही. आणि २१ दिवस सव्वापाचला उठले, गजर न लावता, कारण पाणी माझ्यासाठी थांबणार नव्हतं आणि आठ घरं माझ्या वहीची वाट बघत होती. सवयीला खुंटी लागते रे. नुसत्या हवेत ती टांगता येत नाही. तुझं पहाटे पाचचं उठणं ११ दिवसांत का मोडलं, तर उठून करायचं काय हे ठरलेलंच नव्हतं, स्वतःला चांगलं बनवायचं एवढंच होतं, आणि स्वतः हा विषय इतका लांबरुंद आहे की तिथं हरवायलाच होतं. तू आळशी आहेस म्हणून ते मोडलं नाही, हे मनातून काढून टाक.

आणि उठण्यापेक्षा मोठ्या गोष्टी ह्या कामानं शिकवल्या. मी फार तापट होते. टेबलाच्या पलीकडचा माणूस "आज नाही, परवा या" म्हणाला की माझा आवाज चढायचा. पण पाठपुराव्यात त्याच टेबलावर त्याच माणसाकडे आठ वेळा जायचं असतं, आणि पहिल्याच वेळी भांडलीस तर उरलेल्या सात वेळा तो तुझी फाईल खालीच ठेवणार. म्हणून मी काय म्हणायचं ते घरूनच एका वाक्यात ठरवून जायला लागले, ते वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं, त्याला बोलू द्यायचं. दोन वर्षांनी माझी मुलगी म्हणाली, आई तू हल्ली मधे तोडत नाहीस. घरातलं वागणं बदलावं म्हणून मी काहीच केलं नव्हतं.

हे मला नव्यानं सापडलेलं नाही, आपल्या नाशिकनंच देशाला दाखवलंय. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते, माणसं तुकड्या करून मंदिराच्या दारांवर बसायची, मार खायची, तुरुंगात जायची, आणि हे काही वर्षं चाललं. मंदिर तेव्हा उघडलं नाही. पण १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्रात लिहिलंय की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा सत्याग्रह नव्हता, माणसांमध्ये चेतना यावी, आपली स्थिती त्यांना कळावी ह्यासाठी तो होता. पुढच्याच वर्षी, हिंदू म्हणून मरणार नाही, ही येवल्याची घोषणा बाबासाहेबांनी केली. त्या लोकांनी जे सोसलं त्याच्या शेजारी आमचा व्हॉल्व ठेवायचं पाप मी करणार नाही. पण पूर्व दरवाजासमोर उभी राहिले की मला दर वेळी वाटतं, त्या दिवसांत इथं बसायला आलेला माणूस आणि इथून उठून घरी गेलेला माणूस एकच नसणार. तू जे स्वतःला बदलणं म्हणतोस ना, ते चार भिंतींत एकट्यानं आरशासमोर होत नाही, दहा जणांबरोबर एखाद्या दारात बसून होतं असं मला मनापासून वाटतं.

अजून एक, राजकारण म्हणजे सगळी घाण असं सरसकट म्हणू नकोस. तुझ्या मेसेजमध्ये ते चारदा आलंय. मी कुठल्या पक्षात नाही, तिकिटाचं विचारलं होतं, नाही म्हटलं, तो माझा स्वभाव. पण ज्यांनी हो म्हटलं ते सगळे वाईट नाहीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये अख्खं शहर ऑक्सिजनसाठी धावत होतं तेव्हा आमच्या शेजारच्या आजोबांसाठी रात्री दोनला सिलिंडर घेऊन आलेला पोरगा ज्या पक्षाचा होता, त्या पक्षाला मी कधी मत दिलं नाही. त्यानं काही विचारलं नाही, गाडीतून सिलिंडर काढला, जिन्यावरून वर नेला आणि पुढच्या घरी गेला. ६ मार्च २०१८ ला आपल्या सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बस स्टँडपासून, शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, लाल टोप्या, त्यात किती जणांच्या पायात धड चपला नव्हत्या. सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोचले आणि दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर आहे, पोरांना त्रास नको म्हणून रात्रीच चालून आझाद मैदान गाठलं. ते पण राजकारणच होतं.

आणि हे पण बघ. आपल्या महापालिकेत २०१७ ला निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ ला संपली, आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं शहराला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. त्या चार वर्षांत माझ्या रविवारच्या टेबलावर शेकडो लोक आले असतील, दिल्ली-मुंबईवर तावातावानं बोलणारे कितीतरी, पण "आपल्याला नगरसेवक का नाही" असं विचारणारे बोटावर मोजण्याइतके. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय दिलेत. पाणी त्यात आहे, कचरा आहे, रस्ते आहेत, आणि सतराव्या नंबरला रस्त्यावरचे दिवे आहेत. म्हणजे तुझ्या गल्लीतला दिवा राज्यघटनेत लिहिलेला आहे. हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही.

आता करायचं काय. बातम्या बंद कर असं मी सांगणार नाही. एक पेपर घे, सकाळी किंवा शिफ्टनंतर २०-२५ मिनिटं नीट वाच, आतल्या पानावरच्या शहराच्या बातम्या आधी आणि पहिलं पान नंतर. व्हिडीओ मात्र थांबव, निदान महिनाभर. मतदार यादीत तुझं आणि घरच्यांचं नाव आहे का ते आजच बघ, नसेल तर फॉर्म ६, चुकलं असेल तर फॉर्म ८.

आणि एक काम निवड. निवडताना माझी एकच अट, तिथं पायी जाता आलं पाहिजे. देश सुधारणं, शिक्षणव्यवस्था वगैरे आत्ता नको. एक २०० पानी वही घे, मोबाईलवर नको, वही, कारण ती टेबलावर ठेवता येते आणि समोरच्याला दिसते. डाव्या पानावर तारीख, कुठं गेलो, कोण भेटलं, काय म्हणाले, पुढची तारीख काय दिली. उजव्या पानावर अर्जाची झेरॉक्स चिकटव. अर्ज एका पानाचा, विषय एकच. लोक एका अर्जात गटार, कुत्रे, पाणी, शेजाऱ्याचं अतिक्रमण सगळं लिहितात आणि मग तो अर्ज चार टेबलं फिरून कुणाचाच राहत नाही. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेऊनच निघायचं. पोच नसेल तर तू तिथं गेलाच नव्हतास असं समज. पंधरा दिवस थांब, परत जा, तोच नंबर सांग. तरी हललं नाही तर माहिती अधिकार आहे, २००५ चा कायदा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळं "का केलं नाही" असले भांडणाचे प्रश्न घालून शब्द वाया घालवू नकोस, "माझ्या अमुक तारखेच्या, अमुक नंबरच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, ती कागदपत्रं द्या" एवढंच माग. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील. बऱ्याचदा अर्ज पोचल्या पोचल्याच काम सुरू झालेलं मी बघितलंय.

दर वेळी होतं असं नाही, हे पण आत्ताच सांगून ठेवते. आमच्या ओपन स्पेसमध्ये पोरांना अभ्यासिका हवी म्हणून मी सहा वर्षं फिरले. प्रस्ताव झाला, अंदाजपत्रक झालं, फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली, साहेब बदलले, परत पहिल्यापासून. अभ्यासिका झाली नाही. आजही नाही. त्या वह्या माझ्या कपाटात आहेत, तीन. पहिलं वर्षभर मला त्या बघवायच्या नाहीत. पण त्या फिरण्यात बरोबर असलेल्या आम्ही चौघी आजही संध्याकाळी त्याच मोकळ्या जागेत सतरंजी टाकून बसतो आणि आजूबाजूची आठ-दहा पोरं तिथं गणितं सोडवतात, पाऊस आला की माझ्या पडवीत येतात. ह्याला यश म्हणायचं का मला माहीत नाही, मी म्हणत पण नाही. पण तू विचारलंस ना अर्थ काय, तर मला विचारशील तर त्या सतरंजीवर बसल्यावर हा प्रश्न मला पडतच नाही. जे उत्तर शोधायला मी विशी-तिशीत पुस्तकं पालथी घातली ते तिथं सापडलं असं नाही, तिथं प्रश्नच उरत नाही.

तुझी पुस्तकं फेकू नकोस पण. वाचत राहा, फक्त स्वतःला सुधारायची कमी आणि माणसांची जास्त वाच, गोष्टी, आत्मचरित्रं. आपल्याकडे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, सभासद हो. आणि मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते तिथं ये. मुद्दाम अशा वक्त्याला ये ज्याचं तुला अजिबात पटत नाही. पायऱ्यांवर बसून दीड तास ऐकायचं, मोबाईल खिशात, उलट उत्तर द्यायची सोयच नाही. मी कित्येक वर्षं हे करतेय. पहिला अर्धा तास आतून नुसती धुसफूस होते, मग हळूहळू त्या माणसाला नेमकी कशाची भीती वाटतेय ते ऐकू यायला लागतं.

आता त्या दिव्याचं.

उद्या तुझी पहिली शिफ्ट असेल तर संध्याकाळी बहिणीच्या क्लासपाशी जा आणि तिच्याबरोबर घरापर्यंत चालत ये. अंधार कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो ते तिला विचार, तुला वाटतं त्यापेक्षा तिला जास्त बारकाईनं माहीत असणार, कुठल्या गाडीच्या आडोशाला मुलं उभी असतात ते पण. बंद असलेल्या खांबावर नंबर असतो, डोक्याच्या उंचीला, रंगानं लिहिलेला. पुसट झाला असेल तर टॉर्च तिरका धर म्हणजे रंगाची कड दिसते. तोही दिसला नाही तर शेजारच्या दोन खांबांचे नंबर घे आणि "ह्या दोघांच्या मधला" असं लिही, चालतं. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, वेळ, नंबर. अक्षर बहिणीचं असू दे. रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी टेबलावर असते, वही घेऊन दोघं या, अर्ज आपण तिथंच लिहू.